न्यू जर्सीतून पश्चिम कॅन्ससला: एका डॉक्टर कुटुंबाच्या निर्णयाचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी कुटुंबाचं आहे. ती इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण, करणारी डॉक्टर, मूळची मिरजेची. तो सॉफ्टवेअरमधला, कराडचा. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. या डॉक्टरची आई माझी शाळेतली मैत्रीण, म्हणून डॉक्टर मला मावशी म्हणते. इथे तिला भाची आणि त्याला जावई म्हणेन. ओळख उघडी पडू नये म्हणून काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं) आणि हॉस्पिटलचं नाव देत नाही. कॅन्ससच्या पश्चिम भागात, गार्डन सिटीपासून साधारण पाऊण तासावर, एवढं पुरे. न्यू जर्सीतल्या हॉस्पिटलांमध्ये डॉक्टरांची कागदपत्रं आणि करार तपासायचं काम मी बरीच वर्षं केलं. सल्ल्याला मला बोलावलं ते त्यामुळे, आणि थोडंफार मैत्रिणीच्या आग्रहामुळे.

पेच

भाची जे-१ व्हिसावर रेसिडेन्सीला आली होती. परदेशी डॉक्टरांसाठी या व्हिसाला एक अट चिकटलेली असते: शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी राहायचं, त्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा कायमच्या वास्तव्याचं ग्रीन कार्ड नाही. ही अट माफ करून घेण्याची सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे ‘कॉनरॅड ३०’. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाची ही योजना १९९४ पासून आहे. प्रत्येक राज्याला वर्षाकाठी ३० डॉक्टरांची शिफारस करता येते. डॉक्टरने तीन वर्षं, आठवड्याला किमान ४० तास, डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात काम करायचं. ते काम एच-१बी व्हिसावरच करायचं आणि त्याला एच-१बी साठी एरवी लागणाऱ्या लॉटरीची गरज नाही. तीन वर्षांच्या आत मालक बदलायचा तर ‘अपवादात्मक परिस्थिती’ दाखवावी लागते, हॉस्पिटल बंद पडणं वगैरे. आवडलं नाही, हे कारण चालत नाही.

रेसिडेन्सी जून २०२४ मध्ये संपणार होती. बऱ्याच राज्यांत नव्या वर्षाचे अर्ज १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, काही राज्यांच्या ३० जागा बघता बघता संपतात, काहींच्या वर्षअखेरीलाही उरतात. म्हणजे सही झालेला करार सप्टेंबर २०२३ पर्यंत हातात हवा होता.

समोर तीन वाटा होत्या. पहिली पश्चिम कॅन्ससमधलं काउंटीचं छोटं हॉस्पिटल. दुसरी ओहायोतल्या एका मध्यम शहरातलं क्लिनिक. ते प्रत्यक्ष तुटवड्याच्या भागात नव्हतं, पण तिथले पेशंट अशा भागातून येत. प्रत्येक राज्याला ३० पैकी १० जागा अशा ठिकाणांसाठी वापरता येतात, आणि साहजिकच त्या जागांवर सगळ्यांचा डोळा असतो. शिफारस मिळाली नाही तर हातचे महिने जाणार. तिसरी वाट परत जायची: दोन वर्षं मिरजेला. मिरज म्हणजे डॉक्टरांचंच गाव, तिथे तिला काम मिळालंच असतं. ही तिसरी वाट दोघांनी एका संध्याकाळी पाच मिनिटांत खोडून टाकली. माझ्या मते तिला निदान एक शनिवार द्यायला हवा होता. पण “परत गेलो तर पुन्हा निघणं होणार नाही” असं जावई म्हणाला आणि भाचीने मान हलवली, तेव्हा मी गप्प बसले.

व्हिसाचं काय आणि गावाचं काय

पहिल्या बैठकीला जावयाने कागदाच्या दोन बाजूंना फायदे-तोटे लिहून आणले होते. कॅन्ससच्या तोट्यांत पहिलंच वाक्य होतं: “माझी नोकरी जाणार.”

हे खरं होतं, पण त्याचं खापर कॅन्ससवर फोडणं बरोबर नव्हतं. जावई जे-२ या जोडीदाराच्या व्हिसावर होता. जे-१ वाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला कामाचा परवाना मागता येतो आणि त्या परवान्यावर तो एका कंपनीचं काम घरून करत होता. भाची एच-१बी वर गेली की तो एच-४ या तिथल्या जोडीदाराच्या व्हिसावर येणार. एच-४ वाल्याला काम करता येतं ते एच-१बी धारकाची ग्रीन कार्डच्या वाटेवरची आय-१४० ही याचिका मंजूर झाल्यावरच (किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तर). ही सोयसुद्धा २०१५ पासूनची. म्हणजे ओहायोला गेले असते तरी त्याचा परवाना त्याच दिवशी संपला असता. त्याची कंपनी मार्चमधल्या लॉटरीत त्याचं नाव टाकायला तयार होती, पण लॉटरी ती लॉटरी.

मग मी त्यांना नवा कागद घ्यायला लावला. एका बाजूला व्हिसामुळे होणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला गावामुळे होणाऱ्या. व्हिसाच्या बाजूला गेलं: त्याची नोकरी, तीन वर्षांची बांधिलकी, भारतात जाऊन येताना व्हिसाच्या शिक्क्याची धाकधूक, ग्रीन कार्डची रांग. ग्रीन कार्डच्या ईबी-२ या वर्गातली भारतीयांची रांग त्या वेळी दहा वर्षांहून जुन्या तारखांवर अडकलेली होती. ती कॅन्ससमध्ये राहिल्याने लांबत नाही आणि ओहायोत राहिल्याने सरकत नाही. गावाच्या बाजूला उरलं: शाळा, बाळंतपणाची सोय, रात्रीच्या ड्युट्या, शेजार, भाजी, आणि बेकार नवऱ्याने मंगळवारी सकाळी अकरा वाजता करायचं काय.

हा मंगळवार सगळ्यात जड निघाला. छोट्या गावात डॉक्टर आली की तिची जागा पहिल्या दिवशीच तयार असते. दुकानात लोक ओळखतात, बँकेचा मॅनेजर हात मिळवतो, शाळेचे मुख्याध्यापक नावाने हाक मारतात. डॉक्टरच्या नवऱ्याला गावात ‘डॉक्टरचा नवरा’ याच्यापलीकडे काही नसतं. न्यू जर्सीत एडिसनला कामाविना राहिला असता तर भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड होता, मराठी विश्व या मंडळाची शाळा होती, क्रिकेट होतं, चार मित्र होते. कोरडा सल्ला म्हणून सांगते: अशी कुठलीही ऑफर आली की कमावणाऱ्याच्या पगाराआधी मागून येणाऱ्याचा आठवडा लिहून काढा, वारासकट.

पैशाचा हिशेब फार वेळ घेणारा नव्हता. कॅन्ससचा पगार ओहायोपेक्षा साठ हजार डॉलरनी जास्त होता आणि हॉस्पिटलच्या मालकीचं तीन बेडरूमचं घर नाममात्र भाड्यावर मिळणार होतं. त्यात कॅन्ससची ‘रुरल ऑपॉर्च्युनिटी झोन’ योजना होती. २०११ पासून ठरावीक काउंट्यांत बाहेरच्या राज्यातून राहायला येणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत राज्याच्या आयकरात सूट मिळत असे. शिक्षणकर्ज फेडण्याची मदतही होती, पण मिरजेत एमबीबीएस केलेल्या बाईला अमेरिकन शिक्षणकर्ज कुठलं असणार! घरं स्वस्त असतात म्हणून सगळे खूश होतात. खरी अडचण अशी की भाड्याला घरंच नसतात. हॉस्पिटलने घर दिलं नसतं तर हा मुद्दा मोठा झाला असता.

हॉस्पिटल

कॅन्ससमध्ये १०५ काउंट्या आहेत आणि ‘क्रिटिकल ॲक्सेस’ दर्जाची सर्वाधिक हॉस्पिटलं देशात याच राज्यात आहेत. १९९७ च्या कायद्यातून आलेला हा दर्जा: जास्तीत जास्त २५ खाटा, चोवीस तास आपत्कालीन सेवा, पेशंटचा मुक्काम सरासरी ९६ तासांच्या आत, आणि सर्वसाधारणपणे शेजारचं हॉस्पिटल ३५ मैलांहून लांब. बदल्यात मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, ठरलेल्या दराऐवजी प्रत्यक्ष खर्चावर आधारून पैसे देते. एवढं करूनही ही हॉस्पिटलं टेकीला आलेली असतात. पेशंट थोडे, त्यांतले म्हातारे बरेच, आणि कॅन्ससने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केलेला नाही. २०१५ मध्ये इंडिपेंडन्स गावातलं हॉस्पिटल बंद झालं, २०१८ च्या अखेरीस फोर्ट स्कॉटचं.

म्हणून मी भाचीला म्हटलं, पगार विचारायच्या आधी ताळेबंद माग. काउंटीच्या मालकीच्या हॉस्पिटलचं ऑडिट सार्वजनिक असतं, संचालक मंडळाच्या बैठका खुल्या असतात. तीन वर्षांची ऑडिटं आली. त्यात बघायचा आकडा एकच सांगितला: एक डॉलरही आत आला नाही तर हातातल्या पैशावर हॉस्पिटल किती दिवस चालेल. इथे तो आकडा चार महिन्यांच्या वर होता. शिवाय काउंटीने हॉस्पिटलसाठी मालमत्ता कर लावलेला होता आणि तो मतदारांनी नुकताच वाढवून दिला होता. गाव स्वतःच्या खिशातून हॉस्पिटल धरून ठेवतंय याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

दुसरा प्रश्न भाचीला सुचला नव्हता. इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर मोठ्यांचा डॉक्टर. लहान मुलं, बाळंतपणं, अपघातातली जखमी पोरं हे त्याचं शिक्षण नाही. पण छोट्या हॉस्पिटलात इमर्जन्सी सांभाळायला रात्री एकच डॉक्टर असतो आणि दारातून कोण आत येईल हे तो ठरवत नाही. करारात मोघम लिहिलं होतं: “आपत्कालीन विभागाच्या ड्युट्या वाटून घेणे.” रात्री दोन वाजता शेतावरच्या ट्रॅक्टरखाली सापडलेला आठ वर्षांचा मुलगा आणि समोर तीन वर्षं फक्त मोठ्यांना तपासलेली डॉक्टर, हे चित्र मी तिच्यापुढे ठेवलं. ती रात्रभर झोपली नाही म्हणे. बरं झालं.

तिसरा प्रश्न दुसऱ्या मुलाचा. त्यांना अजून एक मूल हवं होतं. या हॉस्पिटलने बाळंतपणं बंद केली होती. ग्रामीण अमेरिकेत हे सर्रास झालं आहे. बाळंतपणाला गार्डन सिटीला जावं लागणार, आणि काही गुंतागुंत झाली तर विचिटाला, म्हणजे आणखी दोनशे मैलांवर. बर्फाच्या रात्री हेलिकॉप्टर उडेलच असं नाही. हा तोटा पूर्णपणे गावाच्या बाजूचा होता आणि तो कुठल्याही करारात भरून काढता येण्यासारखा नव्हता.

दोन भेटी

पहिली भेट जुलैमध्ये झाली आणि ती हॉस्पिटलने आखलेली होती. नेवार्कहून डॅलस, तिथून छोट्या विमानाने गार्डन सिटी. न्यायला खुद्द हॉस्पिटलचे मुख्य अधिकारी पिकअप घेऊन आलेले. रात्री स्टेकहाऊस. जावई शाकाहारी! त्याच्यापुढे भाजलेला बटाटा, सॅलड आणि पुष्कळ माफी आली. कॅन्ससचा हा कोपरा गोमांसाच्या धंद्यावर उभा आहे. होलकम्ब आणि डॉज सिटीत प्रचंड कत्तलखाने, रस्त्याकडेला हजारो गुरं पोसायचे वाडे, फीडलॉट, आणि वारा फिरला की त्यांचा वास गावभर. स्थानिक लोक हसून म्हणतात, हा पैशाचा वास. भाचीला वासाचं काही वाटलं नाही. जावई दोन दिवस नीट जेवला नाही.

जेवणात कुणीतरी सहज विचारलं, “तुम्ही कुठल्या चर्चला जाता?” प्रश्नात खोच नव्हती. आपल्याकडे कुठल्या गावचे म्हणून विचारतात तसंच ते. पण उत्तर काय द्यायचं ते दोघांनी ठरवलं नव्हतं. भाचीने सरळ सांगितलं, आम्ही हिंदू, देवळात जातो. “मग जवळचं देऊळ कुठे?” विचिटाला. टेबलावरच्या एका बाईंनी मनापासून हळहळ व्यक्त केली: “म्हणजे येऊन-जाऊन सात तास!”

दुसरी भेट माझ्या हट्टामुळे झाली आणि ती एकट्या जावयाची. ऑगस्टच्या मध्यावर कॅन्ससच्या शाळा सुरू होतात, तेव्हा त्याने तिथल्या मोटेलात आठवडा काढायचा, हॉस्पिटलला फोन करायचा नाही, कंपनीचं काम तिथूनच करायचं. त्या आठवड्याने कागदावरच्या बऱ्याच ओळी खोडल्या आणि काही नव्या आणल्या.

इंटरनेटची भीती निराधार निघाली. त्या भागात टेलिफोनच्या सहकारी संस्था आहेत आणि त्यांनी शेतांमधून फायबर टाकलंय. वीज सहकारी, धान्याची कोठारं सहकारी. कराडच्या माणसाला सहकार समजावून सांगावा लागत नाही. तो संध्याकाळी धान्याच्या कोठाराशी उभा राहून सभासदांना लाभांश कसा वाटतात ते विचारत बसला आणि त्या गावात त्याची पहिली खरी ओळख तिथे झाली. शेतात बुटकी, तांबड्या कणसांची ज्वारी उभी होती. तिथे तिला मायलो म्हणतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते. जाते गुरांच्या पोटात, नाहीतर इथेनॉलला, नाहीतर निर्यातीला. त्याने मला फोटो पाठवला, खाली लिहिलं: “मावशी, भाकरीची सोय झाली.”

तशी ती झाली नाही, पण भाजीची झाली. कत्तलखान्यांमुळे दक्षिण-पश्चिम कॅन्ससमध्ये गेल्या चाळीसेक वर्षांत मेक्सिकन, व्हिएतनामी, सोमाली, बर्मी माणसं येऊन राहिली आहेत. गावातल्या मेक्सिकन दुकानात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, चिंच, आंबे, काळा घेवडा. गार्डन सिटीत व्हिएतनामी दुकान. तूरडाळ आणि गोडा मसाला तेवढा बाहेरून. शाळेतली निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी. नाव नीट उच्चारता न येणारी, डब्यात वेगळं आणणारी आपली लेक एकटीच असेल ही धास्ती त्याने शाळेच्या दारात सोडली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्याने ठरल्याप्रमाणे लॅपटॉप मिटला आणि गावात चालत सुटला. ग्रंथालय बाराला उघडणार होतं. कॅफेत चार निवृत्त शेतकरी. मुख्य रस्त्याची दोन टोकं चालून वीस मिनिटं झाली. त्याने मला फोन केला तेव्हा आवाज उतरलेला होता. मी धीर दिला नाही. हेच बघायला तर पाठवलं होतं.

भीतीचा मुद्दा

हा विषय कराड-मिरजेच्या दोन्ही घरांतून आला आणि तो टाळून निर्णय होणार नव्हता. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्याच ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या इंजिनिअरची एका बारमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. मारेकरी ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडत होता. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये गार्डन सिटीतल्या सोमालींच्या वस्तीत स्फोट घडवण्याचा कट उघडकीला आला होता आणि तिघांना पुढे लांब शिक्षा झाल्या. भाचीच्या वडिलांनी दोन्ही बातम्या छापून काढून ठेवल्या होत्या.

मी दोन गोष्टी मांडल्या. ओलेथ खेडं नाही, कॅन्सस सिटीचं उपनगर आहे, आपल्या एडिसनसारखं भरल्या वस्तीचं. तिथून हे गाव जवळपास दिवसभराच्या ड्रायव्हिंगवर. दुसरं, त्या बारमध्ये मारेकऱ्याला अडवायला गेलेला आणि गोळी खाल्लेला माणूसही तिथलाच एक गोरा होता. यातून कुणाला सुरक्षिततेची हमी मिळत नाही. पण ‘खेडं म्हणजे धोका’ हे समीकरण या दोन घटनांवरून मांडता येत नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. जावयाने गावातल्या फिलिपिनो नर्सला सरळ विचारलं होतं. तिचं म्हणणं: गावातले लोक ओळखतात म्हणून नीट वागतात. पेट्रोल भरायला अनोळखी गावी थांबलं की नजरा जाणवतात. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं.

वादळांचा मुद्दा मात्र सगळ्यांनी उगाच ताणला. ४ मे २००७ च्या टॉर्नेडोने ग्रीन्सबर्ग हे गाव जवळजवळ पुसून टाकलं हे खरं, पण घराला तळघर आहे का आणि भोंगा वाजला की काय करायचं, एवढ्यावर तो विषय संपतो.

करार

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्णय झाला: कॅन्सस. ओहायोच्या क्लिनिकने शिफारशीची खात्री द्यायला नकार दिला, त्यांनाही ती देता येण्यासारखी नव्हती. पण तेवढ्यावर झालं असं नाही. नवा कागद बघितल्यावर दिसलं की नोकरीपासून ग्रीन कार्डपर्यंतचं मोठं नुकसान दोन्हीकडे सारखंच आहे. ते बाजूला काढलं की कॅन्ससचे खास असे तोटे तीन उरत होते: बाळंतपण, इमर्जन्सी, मंगळवार. पहिल्यासाठी त्यांनी ठरवलं की दुसरं मूल या तीन वर्षांत नको. ठरवलं भाचीनेच, आणि त्या संध्याकाळी ती फोनवर फारसं बोलली नाही. ती तेव्हा चौतीस वर्षांची होती. या निर्णयाची किंमत कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

उरलेल्या दोन तोट्यांसाठी करार बदलून घेतला. इमर्जन्सीच्या ड्युटीत लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी फॅमिली मेडिसिनचा (सगळ्या वयांचे पेशंट बघणारा) डॉक्टर फोनवर आणि तीस मिनिटांत हजर, हे लेखी घेतलं. आय-१४० ची प्रक्रिया रुजू झाल्यापासून साठ दिवसांत सुरू करायची आणि वकिलाचा खर्च हॉस्पिटलचा, हेही लेखी. हे कलम दिसायला भाचीचं, पण खरं जावयाचं. त्यावरच त्याचा कामाचा परवाना अवलंबून होता. मुदतीआधी सोडल्यास भरायची रक्कम त्यांनी मोठी घातली होती, ती निम्म्यावर आणली. नोकरी सोडल्यावर आसपास प्रॅक्टिस करायला बंदी घालणारं कलम कॉनरॅडच्या करारात चालतच नाही. तरी ते मसुद्यात होतं, बहुधा जुन्या करारावरून उचललेलं. दाखवल्यावर मुकाट्याने काढलं.

मध्य सप्टेंबरला सह्या झाल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली: कॅन्ससमधल्याच हेरिंग्टनचं हॉस्पिटल अवघ्या काही दिवसांच्या सूचनेवर बंद. भाचीचा रात्री फोन. मी तिला ऑडिटचं ते पान परत उघडायला सांगितलं. ती म्हणाली, “उघडूनच बसलेय.”

त्यानंतर

जुलै २०२४ मध्ये ते राहायला गेले. जावयाचं नाव लॉटरीत लागलं नव्हतं, नोकरी गेली. परवाना हातात पडायला पुढच्या वर्षीचा उन्हाळा उजाडला. त्या मधल्या काळात तो दोनदा माझ्याशी कडू बोलला, त्यातलं एकदा तर भाचीबद्दल. एच-४ वर शिकायला मनाई नाही, म्हणून त्याने कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगचा वर्ग धरला. आता त्याने बनवलेलं फाटक शेजाऱ्याच्या कुरणाला आहे. कामाला लागलाय तो पुन्हा सॉफ्टवेअरच्याच, घरून. पण गावात त्याची ओळख फाटकामुळे आहे.

लेक मजेत आहे, अपेक्षेपेक्षा जास्त. ४-एच या मुलांच्या क्लबात ससे पाळते, काउंटीच्या जत्रेत त्यांना बक्षीस मिळालं. मराठी वाचन मागे पडलंय. रविवारचा ऑनलाइन वर्ग असतो आणि तो चुकतोही. भाचीची आई सहा महिन्यांसाठी गेली आणि तीन महिन्यांत परतली. सून-मुलीच्या घरी बसून राहणं तिला नवीन नाही, पण एडिसनला खाली उतरलं की चार मराठी बायका भेटायच्या. इथे सगळे हसून हात हलवतात आणि बोलता येत नाही. आजी-आजोबांच्या मुक्कामाचा हिशेब करताना विमानाचं भाडं धरलं होतं, ही गोष्ट कुणी धरली नव्हती.

भाचीला काम झेपलंय, पण ते एकाकी आहे. हृदयविकाराचा तज्ज्ञ पडद्यावर भेटतो, हातावर हात ठेवून सांगणारं सीनियर कुणी नाही. दुसरा इंटर्निस्ट, म्हणजे तिच्यासारखा इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर, मिळवायचा हॉस्पिटलचा प्रयत्न चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून आणायच्या लोकांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेव्हापासून ते परदेशातून कुणाला बोलवायचं नावही काढत नाहीत, इथेच रेसिडेन्सी संपवणाऱ्यांकडे बघतात.

तीन वर्षं २०२७ च्या उन्हाळ्यात पुरी होतील. ग्रीन कार्डसाठी त्यांनी डॉक्टरांना असलेली राष्ट्रहिताची वाट धरली आहे आणि तिथे तुटवड्याच्या भागातली पाच वर्षं मोजली जातात, म्हणजे अजून दोन. ती याच गावात काढायची की दुसऱ्या, हे बंधन मात्र आता सैल होईल. हॉस्पिटलने मुदतवाढीचं आत्ताच विचारलंय, पगारवाढीसह. भाचीने दोन अटी कळवल्या आहेत: दुसरा इंटर्निस्ट रुजू झालेला असला पाहिजे, आणि गार्डन सिटीत राहून ये-जा करायची मुभा हवी, कारण बाळंतपणाचा विषय आता पुन्हा निघालाय. जावयाला ती दुसरी अट फारशी पसंत नाही. त्याला याच गावात घर विकत घ्यायचंय.